काळ्या रानात गाडी मागूनच निघते: थारचा मागचा बंपर निवडताना

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०२२ ची थार, डिझेल, हार्ड टॉप. घर जुळे सोलापुरात, शेती मंगळवेढ्याच्या अलीकडे. पावसात शेतात जाताना गाडी दोनदा रुतली आणि दुसऱ्या वेळी ट्रॅक्टरने मागून ओढताना मागचा प्लॅस्टिकचा बंपर फुटला. आता लोखंडी बंपर बसवायचा आहे आणि समोर तीन पर्याय आहेत. पहिला ऑनलाइन मिळणारा, पूर्ण रुंदीचा, स्टेपनीसाठी फिरता हात आणि डिझेलच्या कॅनची जागा असलेला. दुसरा आखूड, फक्त चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, रुंदीपुरता. तिसरा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाइपचा करून घ्यायचा. कुठला घ्यावा, सेन्सर चालतील का, आरटीओ अडवेल का, आणि बसवायचा कधी?

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. सुरुवातीची बरीच वर्षं उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याच्या टँकरची कामं केली, गेली काही वर्षं जीप, थार, जिम्नी, गुरखा यांचे बंपर आणि रॉक स्लायडर करतो. ट्रॉलीच्या कामातून एक गोष्ट हाडात भिनली: हुक कधी तुटत नाही, हुक ज्याला धरलेला असतो ते तुटतं. तुमच्या तिन्ही पर्यायांकडे मी त्याच नजरेने बघणार आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. दुसरा घ्या, आखूड. पण त्याच्या पाट्या, म्हणजे बंपर गाडीला जोडणारे जाड लोखंडी तुकडे, चासीच्या दोन्ही रेलांना धरत असतील आणि त्याला ओढण्याच्या दोन जागा, म्हणजे कड्या, असतील तरच. तसं नसेल तर तिसरा करून घ्या, दुसऱ्याच्या धर्तीवर आणि मी खाली सांगतो तसा. पहिला घेऊ नका.

आता हे का, ते तुमच्या रानापासूनच सुरू करतो. मंगळवेढ्याची ज्वारीची जमीन म्हणजे खोल काळी रेगडी. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजलेल्या रेगडीत टायर फिरला की खाचांमध्ये माती बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग चाक फक्त खाली खाली जातं. अशा वेळी पुढे काय आहे ते माहीत नसतं, पण मागे आपण ज्या चाकोरीतून आलो ती तेवढी दाबलेली असते. म्हणून काळ्या रानातून गाडी बहुतेक वेळा आल्या वाटेनेच, मागे ओढून काढावी लागते. सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांवर जाणाऱ्या पुण्याच्या मंडळींचं लक्ष पुढच्या बंपरवर आणि विंचवर, म्हणजे गाडी ओढायच्या रहाटावर, असतं, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे साखळी मागे बांधली जाते. मागचा बंपर ही तुमच्यासाठी शोभेची किंवा सामान टांगायची वस्तू नाही, गाडी बाहेर काढायची जागा आहे. निवड त्यावरूनच करायची.

ओढायला किती ताकद लागते याचा अंदाज घ्या. गाडी वाचवण्याच्या कामात एक जुना ठोकताळा आहे. चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाएवढा ओढा लागतो, मडगार्डपर्यंत गेला असेल तर वजनाच्या दुप्पट. माणसं आणि सामानासह तुमची थार २ टन धरा. म्हणजे २ ते ४ टनांचा ओढा, आणि हा शांतपणे ओढलं तर. ट्रॅक्टरवाला साखळी ढिली ठेवून झटका देतो तेव्हा हा आकडा कुठल्या कुठे जातो, कारण साखळी ताणली जात नाही आणि सगळा धक्का एका क्षणात लोखंडावर येतो. तुमचा प्लॅस्टिकचा बंपर फुटला यात त्याचा दोष नव्हता. तो ओढण्यासाठी बनवलेलाच नसतो. गाडीच्या पुस्तिकेत टो करण्याची जागा दाखवलेली असते. ती सोडून साखळी दुसरीकडे गुंडाळली की तेच होणार.

आता बोल्ट. १२ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट आडव्या कापाला साधारण ४ टनांना तुटतो. त्याच मापाचा साधा ४.६ ग्रेडचा बोल्ट त्याच्या निम्म्यावर जातो. दोन्ही दिसायला सारखेच. फरक फक्त बोल्टच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यात असतो, म्हणून दुकानात पिशवी न बघता डोकं बघा. एका बाजूला चार हाय टेन्साइल, म्हणजे ८.८ चे, बोल्ट, दोन्ही बाजू मिळून आठ, सगळे १२ मिमीचे, खाली जाड वायसर आणि वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉन असलेला, सहज ढिला न होणारा. एवढं असेल तर बोल्टांची काळजी मिटली. मात्र ओढा एकाच बाजूच्या कडीवर आला तर सगळा भार त्या बाजूच्या चार बोल्टांवर येतो. दोन कड्या हव्यात त्या याचसाठी, आणि दोन्हींत मिळून पट्टा टाकून ओढलं तर भार वाटला जातो.

बोल्ट भक्कम असून भागत नाही, तो कशात घातलाय हे बघायचं. इथे मी केलेली चूक सांगतो. बंपरची कामं सुरू केली त्या पहिल्या वर्षी मी एका जीपसाठी ५ मिमी पत्र्याचा देखणा बंपर केला आणि मूळ बंपर ज्या ब्रॅकेटांवर होता त्यांवरच बसवला. बंपर दणकट, वेल्डिंग दणकट, बोल्ट ८.८ चे. पहिल्याच पावसात सीना नदीच्या काठी गाडी रुतली, ट्रॅक्टरने ओढली, आणि बंपर ब्रॅकेटांसकट निघून साखळीबरोबर उडाला. ट्रॅक्टरवर बसलेला मुलगा वाकला म्हणून वाचला. गाडीमालक बंपर टेंपोत टाकून घेऊन आला तेव्हा मी तो हातात धरून बराच वेळ बघत राहिलो. बंपरला ओरखडाही नव्हता. मूळ ब्रॅकेट प्लॅस्टिकचं वजन पेलायला केलेलं होतं, पातळ पत्र्याचं, आणि मी त्यावर २ टनांची गाडी टांगली होती. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये कुठलाही मागचा बंपर चासीच्या रेलांना धरल्याशिवाय बाहेर जात नाही.

चासीला धरणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण विकणारा प्रत्येक जण "चासी माउंट" म्हणतोच. थारला शिडीसारखी चासी आहे, दोन लांब पेट्यांच्या रेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चांगल्या बंपरच्या पाट्या रेलच्या शेवटच्या तोंडाला तर लागतातच, शिवाय रेलच्या कुशीने वीतभर तरी पुढे जातात आणि तिथे कंपनीनेच ठेवलेल्या भोकांत बोल्ट घेतात. रेल आतून पोकळ असते. आरपार बोल्ट घालून कसला तर पेटी चेपते, म्हणून आत बोल्टाभोवती नळीचा तुकडा घालावा लागतो. हा तुकडा फोटोत दिसत नाही आणि बहुतेक वेळा नसतोच. विचारा. पाटी ८ मिमीची असावी, ६ च्या खाली नको. आणि चासीवर थेट वेल्डिंग करू देऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. वेल्डच्या उष्णतेने शेजारचं लोखंड बदलतं, आतला गंजरोधक थर जळतो, आणि पुढे तडा जातो तो वेल्डवर नाही, वेल्डच्या शेजारी जातो.

ओढण्याची कडी बंपरच्या पत्र्यावर चिकटवलेली नको. ती बंपरच्या पत्र्यातून आरपार मागे जाऊन चासीच्या पाटीला दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेली हवी, म्हणजे बंपरचा पत्रा मध्ये नसता तरी कडी चासीलाच धरून राहिली असती. बाजारात ४.७५ टनांची बो शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारा कमानीचा आकडा, सहज मिळते, तिची पिन २२ मिमीची असते. त्यासाठी २४ ते २५ मिमीचं भोक, कडीची जाडी २० मिमी आणि भोकाच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत निदान २५ मिमी लोखंड. भोकाच्या कडा घासून गोल केलेल्या असाव्यात. ट्रॅक्टर नेहमी सरळ मागे उभा राहू शकत नाही, बांध मध्ये येतो, पाट मध्ये येतो. तिरका ओढा येणार हे धरून कडीला दोन्ही बाजूंनी तिकोनी गसेट, म्हणजे आधाराचे तुकडे, असावेत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ट्रेलर जोडायचा गोळा बंपरवर असेल, तर रुतलेली गाडी त्या गोळ्याला साखळी अडकवून ओढू नका. गोळ्याची दांडी झटक्याला तुटते आणि गोळा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. जगभर यात माणसं मेली आहेत. गोळा फक्त ट्रेलरसाठी, कडी फक्त ओढण्यासाठी. आणि साखळीऐवजी ताणला जाणारा नायलॉनचा रिकव्हरी दोर घेतला तर झटका दोरातच जिरतो. साखळीशिवाय इलाज नसेल तर तिच्यावर दोन ओली पोती टाका आणि साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभे राहा, मुलांना तर बांधापलीकडे पाठवा.

आता डिपार्चर अँगल, म्हणजे मागच्या चाकाच्या मागे गाडीचं बूड किती मोकळं आहे त्याचा कोन. तुमच्या थारला कंपनीने हा कोन साधारण ३६ ते ३७ अंश दिलाय, पाच दारांच्या जिम्नीला त्याहून बराच जास्त. बांध ओलांडून पुढचं चाक खाली उतरलं आणि मागचं बांधावरून घसरत खाली आलं की बंपर टेकतो तो या कोनामुळेच. हिशेब सोपा आहे. मागचं टायर जमिनीला जिथे टेकतं तिथून बंपरच्या खालच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर समजा ६० सेंमी आणि ते टोक जमिनीपासून ४५ सेंमी वर. कोन जवळपास ३७ अंश. आता नवा बंपर ८ सेंमी खाली लोंबला, म्हणजे ३७ सेंमीवर आला, तर कोन ३२ च्या आत जातो. तो ८ सेंमी मागेही आला तर साडेअठ्ठावीस. पुढून ओरखडाही न येता ओलांडलेल्या बांधावर मागून गाडी अडकते ती या आठ-आठ सेंटिमीटरांमुळे. उलट आखूड बंपरचं खालचं टोक कापून ५२ सेंमीवर नेलं तर तोच कोन ४० च्या वर जातो. पूर्ण रुंदीचा बंपर घेतलाच तर त्याचे दोन्ही कोपरे खालून तिरके कापलेले हवेत, कारण गाडी बांधावरून कधीच सरळ उतरत नाही, एक चाक आधी उतरतं आणि कोपराच टेकतो. मोजायला फार काही लागत नाही. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून बंपरच्या खालच्या टोकाला दोरी ताणा आणि मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप तिच्यावर ठेवा. विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडून दोन मापं मागा: बंपरचं खालचं टोक चासीच्या खालच्या कडेपासून किती खाली येतं, आणि मूळ बंपरपेक्षा किती मागे जातं. माप देत नसेल तर त्याने ते मोजलेलंच नाही असं समजा.

वजनाकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि पहिला पर्याय मी नाकारला तो मुख्यतः वजनामुळे. ३ मिमी पत्रा एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, ५ मिमीचा ३९ किलोंच्या वर. "आमचा ५ मिमीचा आहे" हे वाक्य अभिमानाने सांगतात, पण तो पत्रा जिथे भार येतो तिथे नसून तोंडावर असेल तर तुम्ही फक्त लोखंड वाहताय. बंपरच्या अंगाला ३ मिमी पुरतो, घड्या नीट मारल्या असतील तर. जाडी पाट्यांत आणि कड्यांत हवी.

आणि मागे टांगलेलं वजन तेवढंच राहत नाही. थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या ९० सेंमी मागे १०० किलो टांगले तर मागच्या चाकांवर १३७ किलो येतात आणि पुढची चाकं ३७ किलोंनी हलकी होतात. हा साधा तराजू आहे. फिरत्या हाताचा बंपर, मोठं टायर आणि भरलेला २० लिटरचा कॅन यांचं मिळून असं काही सहज होतं. त्या १०० किलोंनी मागच्या कमानी बसतात, बूड खाली येतं, आणि वर मोजलेला कोन आणखी एक-दोन अंश जातो. पुढची चाकं हलकी झाली की ओल्या रस्त्यावर वळताना गाडी पुढे सरकते. शिवाय काळ्या चिखलात मागचं चाक जेवढं जड तेवढं ते आत जातं. ज्या बंपरने गाडी बाहेर काढायची तोच तिला रुतवतो.

फिरता हात मोठ्या टायरसाठी असतो. तुमच्या थारला कंपनीचं टायर असेल, २५५/६५ आर १८ किंवा २४५/७५ आर १६, तर मागचा दरवाजा तेवढी स्टेपनी पेलण्यासाठीच बनवलाय. फिरत्या हाताला स्पिंडल, बेअरिंग, कुलूप, ग्रीस सगळं आलं. पाणंदीच्या खडखडाटात वर्षभरात त्याची बिजागरी ढिली होते आणि प्रत्येक खड्ड्याला ठक ठक सुरू. मागचं दार उघडायचं तर आधी हात उघडा, मग दार. पिशव्या हातात असताना, पावसात, हे रोज कोण करणार? पुढेमागे ३३ इंची टायर घातलंत आणि लांबच्या वाळवंटी प्रवासाला निघालात तर या हाताला अर्थ आहे. मंगळवेढ्याला जायला नाही. डिझेलचा कॅन मागे टांगायचा तर अजिबात नको. हायवेवर मागून धडक बसते तेव्हा पहिली वस्तू तीच चेपते.

मागून धडकेचा विषय निघालाच आहे. पुणे-हैदराबाद हायवेवर आणि आतल्या रस्त्यांवर गळीत हंगामात रात्री काय असतं ते तुम्ही बघता. दिवे नसलेल्या ट्रॉल्या, मागून दिवे मारत येणारे ट्रक. कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरमागे बहुतेक गाड्यांत लोखंडी आडवा दांडा किंवा चेपणारा भाग असतो. तो चेपतो म्हणून तुमची मान वाचते. कडक लोखंडी बंपर चेपत नाही, धक्का सरळ चासीत आणि चासीतून सीटपर्यंत पोचवतो. हा तोटा आहे आणि तो मी लपवणार नाही. तो कमी करायचा तर आतला मूळ दांडा न काढता बसणारा बंपर घ्या, आणि डोक्यामागची उशी कानाच्या उंचीला येईल अशी लावा. मागे आखूड बंपर असला तर कोपऱ्यांवर काहीतरी चेपायला शिल्लक राहतं, हाही त्याचा फायदा. कडेला टोकदार नळ्या, उघडे हुक ठेवू नका. आपल्याकडे मागून येऊन आदळणारा बऱ्याचदा दुचाकीवाला असतो, आणि त्याच्या गुडघ्याची काळजी आपणच घ्यायची.

तुमच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरबद्दल. स्थानिक माणसाचा मोठा फायदा हा की गाडी समोर ठेवून काम होतं आणि बंपर चढवण्याआधी पाट्या तुम्हाला डोळ्यांनी बघता येतात. पण नुसती गोल पाइप वाकवून केलेला बंपर मला पटत नाही. शिवणीच्या पातळ पाइपला कडी वेल्ड केली की ओढताना पाइप तिथेच चेपते. पाइप हवी तर ती वरच्या कडेला, कोपरे वाचवायला. मधला भाग घडी घातलेल्या पत्र्याचा किंवा चॅनलचाच असू द्या. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे मिगचं असेल तर बरं. आर्कनेही उत्तम काम होतं, पण हात चांगला लागतो. पाट्या आणि कड्या टॅक मारून, म्हणजे ठिपक्यांपुरत्या चिकटवून, आधी गाडीवर लावून बघायच्या, मग गाडीवरून उतरवून पूर्ण वेल्ड करायचं. गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीची वायर काढायला लावा. आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स एवढं आहे की एका ठिणगीचा खर्च बंपरपेक्षा जास्त होऊ शकतो. काम झाल्यावर बंपर भंगारवाल्याच्या काट्यावर टाका. आखूड बंपर पाट्यांसकट २५ ते ३० किलोंत बसायला हवा. ४५ भरला तर कुठेतरी विनाकारण लोखंड आहे.

रंगाकडे येण्याआधी मातीकडे या. कोकणात लोखंड खाऱ्या हवेने जातं, आपल्याकडे मातीने. रेगडी बंपरच्या पोकळीत शिरते, वरून वाळते आणि आत महिनोन् महिने ओल धरून ठेवते. म्हणून बंद पेटीसारखा बंपर घेऊ नका. खाली प्रत्येक कप्प्याला निदान १५ मिमीचं भोक हवं आणि आत पाण्याची पाइप घालता येईल अशी मोकळी जागा हवी. पावडर कोटिंग बाहेरून छान बसतं, पण पेटीच्या आत पावडर पोचत नाही. आधी लोखंड घासून किंवा फॉस्फेटच्या टाकीतून काढून, त्यावर झिंकचा प्रायमर, मग ६० ते ८० मायक्रॉन पावडर आणि १८० ते २०० अंशांची भट्टी. आतून पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. थेट गंजावर मारलेली पावडर दोन पावसाळ्यांत पापडासारखी सुटते. काळा रंग हौसेने घेतात, पण मे महिन्यात आपल्या उन्हात त्याला हात लावून बघा. राखाडी घेतला तर मूल चढताना तेवढं भाजणार नाही.

सेन्सर चालतात, नीट बसवले तर. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक प्रवासी कारला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, म्हणजे तुमच्या गाडीत ते आहेत आणि काढून टाकता येणार नाहीत. नव्या बंपरला त्यांची भोकं मूळ उंचीवर आणि मूळ अंतरावर पाडून घ्या, सेन्सर आणि लोखंड यांच्यामध्ये रबरी बुश घाला, आणि सेन्सरचं तोंड पत्र्याच्या पातळीत ठेवा, आत बुडवू नका. आत बुडाला तर त्याला स्वतःच्याच भोकाची कड दिसते आणि तो सतत ओरडतो. वायर कापून जोडू नका, कनेक्टर ठेवा. बसवल्यावर झाडूचा दांडा उभा धरून सगळ्या सेन्सरांमागून हळू न्या. एका तरी जागी गप्प बसला तर बंपर त्याच दिवशी पुन्हा उतरवून दुरुस्त करून घ्या. सायलेन्सरचं तोंड बंपरपासून चार बोटं मोकळं हवं आणि बाहेर पडणारा धूर पत्र्यावर आदळता कामा नये.

आरटीओचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर न चालणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने विनापरवाना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. तेव्हा "कोणी काही म्हणत नाही" यावर जाऊ नका. पैसे देण्याआधी गाडी ज्या शोरूममधून घेतली तिथे विचारा की कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीच्या यादीत काही बसतंय का. नसेल तर आरटीओत लेखी विचारून घ्या आणि विमा कंपनीला कळवा, कारण अपघातानंतर सर्वेअर पहिला प्रश्न हाच काढतो. परवानगी मिळालीच नाही तर मधला मार्ग आहे: मूळ बंपर नवा आणून तसाच ठेवायचा आणि त्याच्या मागे, चासीला धरून, फक्त दोन कड्या बसवायच्या, गाडीच्या बाहेर न येणाऱ्या. खरं सांगायचं तर तुमच्या गरजेपैकी ऐंशी टक्के काम तेवढ्याने होतं. तेही शोरूमला दाखवूनच करा. कुठलाही बंपर लावला तरी नंबरप्लेट पूर्ण दिसली पाहिजे, तिचा पांढरा दिवा लागला पाहिजे आणि रात्री १५ मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. बंपरबरोबर गेलेले लाल रिफ्लेक्टर परत लावा. मागे कामाचा पांढरा दिवा हवा असेल तर तो वेगळ्या बटणावर, शेतात वापरायला. रस्त्यावर तो चालू ठेवून मागच्याचे डोळे दिपवू नका.

आणखी एक विनंती. लोखंडी बंपर आला की माणूस धीट होतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे हटलं की उघड्या पात्रात गाड्या घालतात. वरून पापुद्रा कडक असतो आणि खाली गाळ तसाच ओला. नान्नजचा माळ तर माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा आहे, तिथे चाकोरी सोडून एक फूटही जायचं नाही. तुमच्या शेतातही वाफसा आल्याशिवाय गाडी रानात घालू नका. बैल घालत नाही तिथे थार कशाला?

शेवटचा प्रश्न, कधी बसवायचा. तुमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात येतो आणि ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावरच रान सगळ्यात जास्त भिजलेलं असतं. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत काम उरका. बसवल्यावर प्रत्येक नटापासून पाटीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. मग कोरड्या, सपाट जागी गाडी उभी करा, गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक अर्धा ओढा आणि ट्रॅक्टरने दोन्ही कड्यांना दोर लावून हळूहळू, झटका न देता ओढायला लावा. नंतर खाली झोपून रेघा बघा. एखादी तुटलेली दिसली तर तो नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा कसा, ५०० किलोमीटर झाल्यावर सगळे एकदा कसा, आणि खऱ्या चिखलातून पहिल्यांदा गाडी ओढून काढलीत की घरी जाण्याआधी, गाडी धुवायच्याही आधी, पुन्हा एकदा रेघा बघा.